इंद्रधनुष्याला जातीची किनार

समलिंगी हक्कांच्या चळवळीतील वंशभेद, जातिभेद आणि सहप्रवासाचा इतिहास

कोकण रेल्वेने खेड स्थानकात उतरणाऱ्या अनेक प्रवाशांना खेडमध्ये थांबायचे नसते. कोणाला दापोली गाठायची असते, तर कोणाला मंडणगड. रत्नागिरी जिल्ह्याच्या या उत्तर टोकाने महाराष्ट्राला समाजसुधारणेचा मोठा वारसा दिला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ मध्ये खेड तालुक्यातील शेरवली येथे झाला. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे हे १८८२ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड येथे जन्मले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. त्यांच्या बालपणाचा काही काळ दापोलीत गेला.

अवघ्या काही कोसांवरच्या या गावांमध्ये तेव्हाच्या समाजव्यवस्थेने अंतर मात्र फार मोठे ठेवले होते. एक घर चित्पावन ब्राह्मणाचे, दुसरे अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजाचे. तरीही १९३४ मध्ये या दोन घरांतील माणसे मुंबईच्या न्यायालयात एकाच बाजूला उभी राहिली. र. धों. कर्वे आरोपी होते आणि डॉ. आंबेडकर त्यांचे वकील. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात दिलेली उत्तरे अश्लील ठरतात की नाही, हा वाद होता. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता.

समलिंगी हक्कांची चळवळ ही पाश्चात्त्य, शहरी आणि उच्चभ्रूंची आहे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. या चळवळीत जातीचा प्रश्न काढणे म्हणजे फूट पाडणे होय, असा दुसरा समज चळवळीच्या आतही आढळतो. नव्वद वर्षांपूर्वीचा हा खटला दोन्ही समजांना छेद देतो.

एका मासिकाचा खटला

र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, लैंगिक शिक्षण आणि स्त्रीच्या सुखाचा अधिकार हे त्याचे मुख्य विषय. या विषयांवरील विचारांपायी कर्वे यांना मासिकाच्या आधीच नोकरीवर पाणी सोडावे लागले होते आणि पुढे सनातन्यांचा रोषही ओढवला. १९३१ मध्ये त्यांच्यावर पहिला खटला झाला, १९३४ मध्ये दुसरा.

दुसऱ्या खटल्याच्या वेळी डॉ. आंबेडकर हे दलितांचे सर्वमान्य नेते होते. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार या घटना घडून गेल्या होत्या. सनातनी समाजाचा विरोध त्यांच्या वाट्याला आधीच पुरेसा आला होता. अशा वेळी लैंगिक विषयावरचे वकीलपत्र स्वीकारणे राजकीयदृष्ट्या सोयीचे नव्हते. त्यांनी ते स्वीकारले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, वाचकांच्या शंकांना शास्त्रीय माहितीनेच उत्तर द्यायला हवे, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्वे यांना दंड झाला. नाटककार अजित दळवी यांनी याच इतिहासावर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले. अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली ते २०१७ मध्ये रंगभूमीवर आले.

डॉ. आंबेडकरांनी समलिंगी हक्कांची मागणी केली, असे या खटल्यावरून म्हणता येणार नाही. तशी परिभाषाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. तथापि ज्या विषयाचा उच्चारही शिष्टसंमत नव्हता, त्याविषयी विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा सामान्य माणसाचा हक्क त्यांनी न्यायालयात मांडला, हे निर्विवाद आहे. एका अवहेलनेशी झगडणारा माणूस दुसऱ्या अवहेलनेच्या बाजूने उभा राहिला, तर काय घडते, याचे हे आरंभीचे मराठी उदाहरण ठरते.

अमेरिकेतील दुहेरी परकेपण

हाच प्रश्न अमेरिकेत वर्णभेदाच्या रूपाने उभा राहिला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निघालेला ऐतिहासिक मोर्चा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे जगाला ठाऊक आहे. त्या मोर्चाचे प्रत्यक्ष संयोजन बेयर्ड रस्टिन यांनी केले होते. गांधीजींच्या अहिंसक लढ्याचे अभ्यासक असलेले रस्टिन १९४८ मध्ये भारतातही येऊन गेले होते. ते समलिंगी होते. १९५३ मध्ये त्यासंबंधीच्या आरोपावरून त्यांना अटकही झाली होती. याच कारणावरून बदनामीची धमकी आल्यावर १९६० मध्ये त्यांना किंग यांच्या कार्यापासून दूर व्हावे लागले. मोर्चाच्या काही दिवस आधी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये रस्टिन यांच्यावर जाहीर हल्ला चढवला. या वेळी मात्र ए. फिलिप रँडॉल्फ यांच्यासह मोर्चाचे नेते त्यांच्या पाठीशी राहिले आणि मोर्चा यशस्वी झाला.

कृष्णवर्णीयांच्या चळवळीत रस्टिन यांना समलिंगी म्हणून बाजूला सारले गेले, तर समलिंगींच्या चळवळीत कृष्णवर्णीयांना वर्णामुळे मागे राहावे लागले. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील ‘स्टोनवॉल इन’ या मद्यालयावर पोलिसांनी छापा घातला आणि त्यातून उसळलेल्या प्रतिकाराने आधुनिक समलिंगी चळवळीला वेग दिला. त्या काळातील लढ्यात कृष्णवर्णीय मार्शा पी. जॉन्सन आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या सिल्व्हिया रिव्हेरा यांची नावे अग्रभागी येतात. १९७० मध्ये या दोघींनी रस्त्यावर राहणाऱ्या बेघर तृतीयपंथीय मुलांसाठी संघटना स्थापन केली. तीनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेळाव्यात रिव्हेरा तुरुंगात खितपत पडलेल्या आपल्या माणसांविषयी बोलण्यास उभ्या राहिल्या, तेव्हा जमावातील अनेकांनी त्यांची हुर्यो उडवली. चळवळ प्रतिष्ठित होऊ लागली की, गरीब, सावळे आणि बायकी समजले जाणारे चेहरे तिला नकोसे होतात, याचा हा दाखला होय.

सहप्रवासाची उदाहरणेही याच काळातील आहेत. ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचे नेते ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्ये आपल्या कार्यकर्त्यांना उद्देशून भूमिका मांडली. स्त्रियांच्या आणि समलिंगींच्या मुक्तिलढ्यांशी पक्षाने मैत्री करावी, आपल्या मनातील भीती आणि तिरस्कार तपासून पाहावा, असे त्यांनी सांगितले. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच पक्षाच्या नावावरून मुंबईत ‘दलित पँथर’चा जन्म झाला. मराठी तरुणांनी अमेरिकेतील लढ्याकडून नाव आणि आवेश घेतला, परंतु न्यूटन यांच्या या विचाराची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

१९७७ मध्ये बॉस्टनच्या ‘कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटाने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात अनेक समलिंगी स्त्रिया होत्या. वंश, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांवर आधारलेले अन्याय एकमेकांत गुंफलेले असतात, त्यांची वेगवेगळी वाटणी करता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अशाच विचाराला सैद्धांतिक नाव दिले. मराठीत त्याला ‘आंतरछेदिता’ म्हटले जाते.

तुरुंगातील संवाद

वर्णभेदाच्या पार्श्वभूमीवरील सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. सायमन न्कोली हा वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणारा कृष्णवर्णीय तरुण १९८४ मध्ये पकडला गेला. डेल्मास येथील गाजलेल्या राजद्रोह खटल्यात तो आरोपी होता. त्या देशातील समलिंगींची तेव्हाची प्रमुख संघटना बहुतांशी गोऱ्यांची होती. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ या सबबीखाली तिने आपल्या या सदस्याच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले. त्याची मोठी किंमत तिला आंतरराष्ट्रीय वर्तुळात मोजावी लागली.

दुसरीकडे, तुरुंगात न्कोलीने आपण समलिंगी असल्याचे सहआरोपींना सांगितले. त्यांच्यापैकी काहींना प्रथम हे अवघड गेले. एकत्र काढलेल्या दिवसांत मात्र दृष्टी बदलली आणि पुढे राष्ट्रीय राजकारणात वरच्या पदांवर पोहोचलेल्या नेत्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. १९८८ मध्ये निर्दोष सुटल्यावर न्कोलीने सर्व वर्णांच्या लोकांची नवी संघटना उभारली. १३ ऑक्टोबर १९९० रोजी जोहान्सबर्गमध्ये पहिली अभिमान यात्रा निघाली. आपण कृष्णवर्णीय आहोत आणि समलिंगीही आहोत, यांतील एक लढा आधी आणि दुसरा नंतर असे करता येत नाही, हे त्याचे म्हणणे होते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई केली. अशी तरतूद करणारा तो जगातील पहिला देश ठरला.

एकाच कायद्याचे दोन बळी

भारतात वंशाची जागा जात घेते. दोन्ही गोष्टी सर्वस्वी एकरूप नाहीत. जात वर्णावरून ओळखता येत नाही. आडनाव, वस्ती, बोली आणि नाती यांतून ती शोधली जाते. जन्माने ठरणारी प्रतिष्ठा आणि त्यातून मिळणारा वा नाकारला जाणारा प्रवेश, हे सूत्र मात्र समान आहे.

जात आणि लैंगिकता यांवरील दडपशाही आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकातही शेजारी शेजारी नांदली. भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम १८६० चे. त्यानंतर ११ वर्षांनी आलेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पहिल्या भागाने अनेक भटक्या समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. दुसऱ्या भागाने उत्तर भारतातील हिजड्यांची नोंदणी आणि त्यांच्यावर पाळत सुरू केली. स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी गाणे वा नाचणे हाही गुन्हा ठरला. पारधी समाजाच्या पाठीवर बसलेला शिक्का आणि तृतीयपंथीयांच्या कपाळी मारलेला शिक्का एकाच कारखान्यात घडला होता. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिस ठाण्यातील संशयाची नजर दोघांचाही पिच्छा पुरवत राहिली.

असे असूनही दोन्ही चळवळी दीर्घकाळ एकमेकींपासून दूर वाढल्या. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. समलिंगी स्त्रियांसाठी १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट स्थापन झाला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि मराठीतून सातत्याने लेखन केले. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत निघालेल्या मोर्चाने मुंबईतील चळवळ उघडपणे रस्त्यावर आणली.

या कार्याचे मोल मोठे आहे. त्याचबरोबर चळवळीची सार्वजनिक भाषा बव्हंशी इंग्रजी राहिली, हेही खरे. इंग्रजी बोलणारा तो ‘गे’ आणि चाळीत वा झोपडपट्टीत राहणारा तो ‘कोथी’, अशी वर्गाची रेषा शब्दांतूनच आखली गेली. त्या रेषेखाली बरेचदा जातीची रेषा दडलेली असे.

‘जातीची अट नाही’

ही दडलेली रेषा मे २०१५ मध्ये एका छोट्याशा जाहिरातीने उघड केली. मुंबईतील एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे, अशी जाहिरात वृत्तपत्रात दिली. देशातील अशी ही पहिलीच जाहिरात म्हणून तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. जाहिरातीत जातीची अट नसल्याचे म्हटले होते, पण कंसात स्वजातीला प्राधान्य असल्याचेही नमूद होते. ते शब्द गमतीने लिहिल्याचा खुलासा नंतर करण्यात आला. वाद मात्र शमला नाही. समलिंगी विवाहाचे स्वप्न पाहतानाही जात सोबत येते का, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला.

त्याच वर्षी दिल्लीच्या अभिमान यात्रेत दलित समलिंगी तरुणांनी जातीचा प्रश्न उघडपणे मांडला. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला याच्या आत्महत्येनंतर हा आवाज अधिक स्पष्ट झाला. पत्रकार यशिका दत्त यांनी तेव्हा आपली लपवलेली दलित ओळख जाहीर केली. त्यासाठी त्यांनी समलिंगी चळवळीतील ‘कमिंग आउट’ हाच शब्दप्रयोग वापरला. एका चळवळीतील शब्द दुसरीच्या उपयोगी पडला. लपवण्याचे ओझे दोन्हीकडे सारखेच जड असते, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रात तृतीयपंथीय कवयित्री दिशा पिंकी शेख यांची २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून नियुक्ती झाली. आंबेडकरी राजकारणाने उचललेले हे पाऊल प्रतीकापुरते मानता येणार नाही, कारण प्रवक्त्याचे काम पक्षाच्या वतीने बोलण्याचे असते.

तणावाचे प्रसंगही घडले. १ फेब्रुवारी २०२० रोजी आझाद मैदानावर झालेल्या मुंबईच्या अभिमान मेळाव्यात नागरिकत्व कायद्याच्या विरोधातील आंदोलनाच्या संदर्भात घोषणा दिल्या गेल्या. पोलिसांनी राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला आणि आयोजकांनी त्या घोषणांशी संबंध नसल्याचे जाहीर केले. मेळावा लैंगिक हक्कांपुरता मर्यादित ठेवावा, असे एका गटाचे मत होते. मुस्लिम वा दलित समलिंगीला आपली अर्धी ओळख मैदानाबाहेर ठेवून येता येत नाही, असे दुसऱ्याचे. गोऱ्या संघटनेने न्कोलीला दिलेल्या उत्तराची आठवण या वादात अनेकांना होऊ शकते.

न्यायालयात आंबेडकर पुन्हा

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नाझ फाउंडेशन’ खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हेगारीच्या कक्षेबाहेर काढले. मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी हा निकाल दिला. समाजातील बहुसंख्यांच्या नीतिकल्पना हा कायद्याचा आधार होऊ शकत नाही, आधार हवा तो ‘संवैधानिक नैतिकते’चा, असे त्यांनी म्हटले. हा विचार त्यांनी घेतला डॉ. आंबेडकर यांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणातून.

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी हा निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘नवतेज सिंग जोहर’ खटल्यात पुन्हा स्वातंत्र्य बहाल केले, तेव्हाही संवैधानिक नैतिकता हीच निकालाची एक प्रमुख आधारशिला होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ व्या कलमाला स्थान नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

याचा अर्थ असा की, शहरातील सुखवस्तू समलिंगी व्यक्तीला मिळालेले स्वातंत्र्य जातिअंताच्या लढ्याने तयार केलेल्या जमिनीवर उभे आहे. दलित कार्यकर्ते अभिमान यात्रेत बाबासाहेबांची तसबीर घेऊन येतात, तेव्हा ते बाहेरचा विषय आत आणत नसतात. ते चळवळीला तिच्याच घराचा पाया दाखवत असतात.

समांतर आरक्षणाचा पेच

मतभेदाचा सर्वांत व्यवहारी मुद्दा आरक्षणाचा आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नाल्सा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे, असा आदेशही दिला. काही राज्यांनी त्याचा अर्थ त्यांना मागासवर्गाच्या यादीत घालणे असा लावला.

अडचण येथे सुरू होते. अनुसूचित जातीत जन्मलेल्या तृतीयपंथीय व्यक्तीने मागासवर्गाची सवलत घेतली, तर तिला जातीचा हक्क सोडावा लागतो. जातीची सवलत घेतली, तर तृतीयपंथीय म्हणून काहीच मिळत नाही. तामिळनाडूतील दलित तृतीयपंथीय कार्यकर्त्या ग्रेस बानू आणि त्यांचे सहकारी यासाठीच समांतर आरक्षणाचा आग्रह धरत आले आहेत.

महाराष्ट्राला ही संकल्पना नवीन नाही. सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. ते अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि खुला वर्ग अशा प्रत्येक गटाच्या आत लागू होते. अनाथांसाठीही २०१८ मध्ये एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय झाला. हीच पद्धत तृतीयपंथीयांना लावली, तर कोणालाही आपल्या दोन ओळखींपैकी एक निवडावी लागणार नाही. कर्नाटकाने २०२१ मध्ये असे एक टक्का आरक्षण लागू केले. विवाहाचा हक्क आधी की नोकरीचा, या प्रश्नाचे उत्तर विचारणारा कोणत्या घरातून आला आहे, यावर बरेच अवलंबून असते.

वाडीपासून शहरापर्यंत

हा सारा इतिहास खेडसारख्या ठिकाणी कोणत्या रूपात पोहोचतो? कोकणातील गाव वाड्यांनी बनलेले असते. ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. माणूस कोणत्या वाडीचा, एवढे कळले की पुढचे विचारावे लागत नाही. अशा गावात समलिंगी असणे हे आजही बहुधा मौनात जगण्याचे सत्य असते. त्या मौनातही समानता नसते. ज्याच्या घरी जमीन, शिक्षण आणि मुंबईत नातलग आहेत, त्याला निघून जाण्याची वाट मोकळी असते. बौद्धवाडीतील तरुणासाठी तीच वाडी अवहेलनेपासूनचा आसराही असते. तो आसरा गमावण्याची भीती त्याच्या मौनात मिसळलेली असते.

चाकरमान्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट त्यालाही मुंबईला नेते. शहर अनोळखीपणा देते, पण आडनाव सोबत येते. नव्या मित्रमंडळीत लैंगिकतेविषयी मोकळेपणाने बोलता आले, तरी गावातील आपल्या वाडीचे नाव सांगताना जीभ अडखळते. गणपतीला वा शिमग्याला गावी परतल्यावर लग्नाचा विषय निघतो, तेव्हा उलटे घडते. तेथे जात उघड असते आणि मन झाकावे लागते. दोन्ही ठिकाणी पूर्ण माणूस म्हणून उभे राहता येईल अशी जागा त्याला हवी असते.

रस्टिन, रिव्हेरा आणि न्कोली यांनीही हीच जागा मागितली होती. ती जेथे मिळाली तेथे चळवळी वाढल्या आणि जेथे नाकारली गेली तेथे आक्रसल्या. १९३४ चा खटला कर्वे आणि आंबेडकर हरले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र ८४ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. शेरवली, मुरूड आणि आंबडवे या गावांचा तो सामाईक वारसा आहे. मुंबई-पुण्याच्या अभिमान यात्रांत खेडच्या बौद्धवाडीतील तरुण किती निर्धास्तपणे आपले पूर्ण नाव सांगू शकतो, यावरून त्या वारशाची पुढची वाटचाल मोजता येईल.